ज्वालामुखीय राखेचे ढग आणि हवाई वाहतूक

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्कापातामुळे निर्माण झाले; परंतु ज्या बेसाल्ट खडकात ते आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. दख्खनचा हा ज्वालामुखी आज शांत असला, तरी दूरदेशीच्या उद्रेकाचे परिणाम महाराष्ट्राच्या हवाई वाहतुकीपर्यंत पोहोचू शकतात.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. सुमारे १४ किलोमीटर उंचीपर्यंत गेलेली राख पश्चिमी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्याच रात्री वायव्य भारतावर आली. बाधित क्षेत्रावरून गेलेल्या विमानांच्या तपासणीसाठी एअर इंडियाने काही उड्डाणे रद्द केली. त्यांत मुंबई–हैदराबाद व मुंबई–कोलकाता या मार्गांवरील उड्डाणेही होती.

ही राख लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. ती खडकाच्या व काचेच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. जेट इंजिनातील उष्णतेने हे कण वितळतात, पुढे पात्यांवर घट्ट बसतात आणि हवेचा मार्ग अडवितात. जून १९८२ मध्ये लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने जावा बेटानजीक गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली. राखेच्या खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली व विमान जाकार्ता येथे सुखरूप उतरले.

विमानातील हवामान-रडारला कोरडी राख दिसत नाही. त्यामुळे उपग्रहांची निरीक्षणे आणि जगातील नऊ ज्वालामुखीय राख सल्ला केंद्रांच्या सूचना हाच वैमानिकाचा आधार ठरतो. उड्डाण रद्द होणे प्रवाशास गैरसोयीचे वाटते. तथापि १९८२ चा अनुभव पाहता ती गैरसोय अल्प मोलाची आहे.