हदगावला गॅस टर्बाइन बसवायचं तर

नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात विजेचा विषय निघाला की दोन तक्रारी आधी येतात: शेतपंपाच्या मोटारीची लाइट रात्री येते आणि डीपी म्हणजे रोहित्र जळालं की नवी बसेपर्यंत उभं पीक वाळतं. मग पर्यायांची चर्चा सुरू होते आणि त्यात गॅस टर्बाइनचं नाव हमखास निघतं. कोळशाचे डोंगर नकोत, राखेचे तलाव नकोत, उंच चिमण्या नकोत. एक यंत्र आणायचं, बसवायचं आणि कळ दाबायची, असा त्यामागचा समज असतो. यंत्र महाग असेल, पण एकदा पैसे मोजले की विषय संपला, असंही गृहीत धरलेलं असतं. घोटाळा इथेच होतो. टर्बाइनची किंमत डोळ्यात भरते खरी, पण गॅसची वीज कितीला पडणार हे प्रामुख्याने दोन गोष्टी ठरवतात: इंधनाचा दर आणि वर्षभरात यंत्र किती तास चालतं.

आधी खरेदीचा हिशेब पाहू. कंपनीने दिलेला दर हा टर्बाइन आणि त्याला जोडलेल्या जनित्राचा असतो. त्यापुढे पाया, हवा गाळण्याचं घर, गॅसवाहिनी आणि तिचा दाब सांभाळणारी यंत्रणा, ट्रान्सफॉर्मर, स्विचयार्ड, पारेषण वाहिनी, आग विझवण्याची सोय, सुटे भाग आणि उभारणीच्या काळात कर्जावर चढणारं व्याज असं सगळं धरावं लागतं. शिवाय नुसतं टर्बाइन चालवलं तर इंधनातली साठ टक्क्यांहून अधिक उष्णता धुराड्यातून निघून जाते. ती पकडायची तर बाष्पक, वाफेचं टर्बाइन आणि थंड करणारे मनोरे आले. हा खर्च मोठा आहे, पण वाया जात नाही. उरणच्या वायू विद्युत केंद्रात १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन म्हणजे ४३२ मेगावॅट. त्यांच्या गरम धुरावर वाफेचे १२० मेगावॅटचे दोन संच चालतात, आणि केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट होते. वरचे २४० मेगावॅट जादा गॅस न जाळता मिळतात.

‘यंत्रं आता देशातच बनतात, मग स्वस्त पडतील’ हा आणखी एक समज. नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि तिथल्या रामचंद्रपुरम कारखान्यात भेल ही सरकारी कंपनी अनेक वर्षं जीईच्या परवान्याखाली गॅस टर्बाइन बनवत आली आहे. पण मोठ्या, अद्ययावत टर्बाइनचा जागतिक बाजार मुख्यतः जीई व्हर्नोव्हा, सीमेन्स एनर्जी आणि मित्सुबिशी यांच्या हातात आहे. अमेरिकेत डेटा सेंटरसाठी विजेची मागणी वाढली तशा या कंपन्यांच्या मागणीवह्या भरल्या. तिथे एकेकाळी किलोवॅटमागे हजार डॉलरच्या आसपास उभा राहणारा वाफेसह गॅस प्रकल्प २०२५ पर्यंत दोन हजार डॉलरच्या पुढे गेला, आणि यंत्र मिळायलाच काही वर्षं थांबावं लागतं. पाच वर्षांपूर्वीचा दर धरून कोणी आराखडा मांडत असेल तर तो तिथेच मिटवून ठेवावा.

आता मराठवाड्याच्या उन्हाचा भाग, जो दरपत्रकात ठळक दिसत नाही. टर्बाइनवर लिहिलेली क्षमता १५ अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब धरून काढलेली असते. हवा तापली की विरळ होते, यंत्रात वजनाने कमी हवा शिरते आणि वीज घटते. अंशामागे साधारण अर्धा ते पाऊण टक्का, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४३ वर गेला की फरक २८ अंशांचा, म्हणजे पंधरा ते वीस टक्के क्षमता तिथेच गेली. नांदेड परिसर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या वर, त्याचे तीन-चार टक्के वेगळे. शंभर मेगावॅटचे पैसे मोजायचे आणि कूलर-पंखे जोरात असतात नेमक्या त्या वेळी ऐंशीच्या आसपास मिळवायचे, असा हा सौदा. आत येणाऱ्या हवेवर पाण्याचे तुषार मारून ती थंड करता येते, आणि आपल्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागूही पडतो. पण पाणी लागतंच. वाफेसह चालणाऱ्या गॅस केंद्राला कोळशाच्या केंद्राच्या निम्म्याहून कमी पाणी लागतं हे खरं. ‘पाणी लागत नाही’ हे खरं नाही. २०१५ मध्ये पाण्यावाचून परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. इसापूर धरणाच्या कालव्यावर वीजकेंद्राचा हक्क आधी की उसाचा, हा प्रश्न हदगावात सोपा असणार नाही.

खरा हिशेब मात्र तासांचा आहे. उदाहरणापुरतं धरू की मेगावॅटमागे सहा कोटी रुपये लागले आणि व्याज, परतफेड व घसारा मिळून वर्षाला त्याचे बारा टक्के, म्हणजे ७२ लाख रुपये वसूल करायचे आहेत. केंद्र वर्षात ७,००० तास पूर्ण भाराने चाललं तर एका मेगावॅटमधून ७० लाख युनिट निघतात. भांडवलाचा बोजा युनिटला रुपयाच्या आसपास. तेच केंद्र १,७५० तास चाललं तर युनिट साडेसतरा लाख आणि बोजा चार रुपयांच्या वर. यंत्र तेच, कर्ज तेच. दारात उभ्या ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही, तसंच हे. त्यावर इंधन वेगळं. वाफेसह चालणाऱ्या चांगल्या केंद्रालाही युनिटमागे सुमारे ७,००० बीटीयू उष्णता लागते. आयात केलेला द्रवरूप वायू दशलक्ष बीटीयूला दहा डॉलर पडला आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर नुसत्या गॅसचे युनिटला सहा रुपये होतात. टर्बाइनवर दहा टक्के सूट मिळवली तरी पूर्ण चालणाऱ्या केंद्रात युनिटमागे दहा पैसेही वाचणार नाहीत; गॅस एका डॉलरने चढला की साठ पैसे जातील.

हे कागदावरचंच गणित आहे असं वाटत असेल, तर दाभोळ आहे. एन्रॉनच्या त्या प्रकल्पात जीई आणि बेक्टेल भागीदार होत्या. टर्बाइनमध्ये काही स्वस्त-सुमार नव्हतं. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, तोही गॅसवर नव्हे तर नाफ्त्यावर. दर डॉलरशी आणि इंधनाशी बांधलेला, आणि वीज उचलली नाही तरी वीज मंडळाने क्षमता शुल्क द्यायचं, अशी कराराची रचना होती. नाफ्ता महागला, मंडळ वीज कमी उचलू लागलं, आणि कमी उचलली म्हणून प्रत्येक युनिट आणखी महाग झालं. २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. त्याच वर्षी या प्रकल्पाचा आढावा घेणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल आला, २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून तो डोलारा उचलला, आणि तरीही गॅसची चणचण सुटली नाही. उरणची गोष्ट कमी गाजलेली, पण त्याच सुराची: मुंबई हायच्या गॅसचं दार शेजारीच, तरी पुरेसा गॅस मिळत नाही म्हणून संच पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. देशातल्या, २०२४ मध्ये जवळपास २५,००० मेगावॅट असलेल्या, गॅस केंद्रांचा वापर अलीकडच्या वर्षांत पाव क्षमतेच्याही खाली राहिला. यंत्रं मोडली म्हणून नव्हे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं उत्पादन २०१० नंतर घसरलं, आणि जो देशी गॅस उरला तो खत कारखाने आणि शहरांतल्या वाहन-स्वयंपाकाकडे आधी गेला.

यावर एक आक्षेप ग्रामीण भागातून येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे: आपल्याकडे ऊस आहे, त्याचा चोथा म्हणजे बगॅस आहे, मग बाहेरच्या गॅसवर अवलंबून का राहायचं? साखर कारखान्यांची सहवीज केंद्रं चालतात ती वाफेच्या टर्बाइनवर. बगॅस बाष्पकाच्या भट्टीत जळतो. त्याची राख टर्बाइनच्या पात्यांना लागत नाही. गॅस टर्बाइनमध्ये ज्वलनाचा धूरच पात्यांवर आदळतो, म्हणून इंधन अतिशय स्वच्छ लागतं. मळी किंवा शेणापासून बायोगॅस करून वीज काढता येते, पण एक-दोन मेगावॅटच्या त्या आकाराला पिस्टनचं गॅस इंजिन जास्त परवडतं. आणि गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा असला की तासांचा तोच हिशेब पुन्हा पुढे उभा राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सूर्य मावळला की सौर वीज जाते, कोळशाचं थंड पडलेलं केंद्र तापायला कित्येक तास लागतात, साधं गॅस टर्बाइन मात्र अर्ध्या तासाच्या आत भार घेतं. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याचं कलम ११ वापरून गॅस केंद्रांना मे-जूनमध्ये चालायला लावलं ते वाढलेली मागणी भागवण्यासाठीच. हे मान्य. पण त्यासाठी नवं यंत्र घेण्याआधी देशात कमी वापरात पडून असलेली यंत्रं आहेत, आणि ग्रिडला वीज उरणहून आली काय नि हदगावहून आली काय, फारसा फरक पडत नाही. सारखं चालू-बंद करण्याचीही किंमत असते: मोठ्या टर्बाइनची तापलेल्या भागांची तपासणी साधारण २४,००० तासांनी किंवा ठरावीक वेळा सुरू केल्यावर येते, आणि ती पाती बदलायचा खर्च पुन्हा डॉलरमध्ये.

राहिली जळणारी डीपी. ती जास्त भार, गळकं तेल आणि आकडे यांनी जळते. तालुक्याच्या सीमेवर शंभर मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं तरी त्याची वीज आधी अतिउच्च दाबाच्या वाहिनीवर चढणार, उपकेंद्रात उतरणार आणि त्याच ११ केव्हीच्या फीडरने त्याच डीपीपर्यंत येणार. दिवसा पाणी देता यावं म्हणून फीडरजवळच सौर प्रकल्प लावणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निदान त्या फीडरपासून सुरुवात करते.