धूम्रपानाचा त्याग आणि वाढलेलें वजन

पंचवीस वर्षांची सिगारेटची संवय मोडणें ही सामान्य गोष्ट नव्हे. असा निग्रह करून चार महिने पार पाडलेला एखादा गृहस्थ शिंप्याकडे जातो. शिंपी कमरेला फीत लावतो, वहींतील जुना आंकडा पाहतो आणि म्हणतो, "साहेब, या खेपेस दोन इंच जास्त धरावे लागतील." घरीं पत्नीला खोकला थांबल्याचें समाधान असतें, मित्र "बाळसें धरलें" म्हणून थट्टा करितात, पण त्या गृहस्थाच्या मनांत वेगळाच विचार डोकावूं लागतो. सिगारेट होती तेव्हां शरीर सडपातळ होतें. मग तीच बरी नव्हती काय? या प्रश्नाला जो "होय" म्हणतो, तो पुष्कळदां थोड्याच दिवसांत पुन्हां पानपट्टीच्या दुकानासमोर उभा राहतो. म्हणून त्याचें उत्तर आरशांत पाहून न देतां हिशेब मांडून दिलें पाहिजे.

वजनाची ही भीति नवी नाहीं, आणि व्यापाऱ्यांच्या नजरेंतूनही ती सुटलेली नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंत 'लकी स्ट्राइक' सिगारेटच्या जाहिरातींनीं स्त्रियांना असा उपदेश आरंभिला कीं, गोड खाण्याची इच्छा होतांच मिठाईऐवजीं सिगारेट हातीं घ्यावी. मिठाईच्या कारखानदारांनीं ओरड केली. परंतु सिगारेट ओढणारा सडपातळ राहतो हें समीकरण लोकांच्या मनांत रुजलें तें रुजलेंच. त्यांत अर्धें सत्य आहे, आणि निव्वळ असत्यापेक्षां अर्धें सत्यच माणसाला अधिक फसवितें.

तें अर्धें सत्य प्रथम पाहावें. तंबाखूंतील निकोटिन हें द्रव्य शरीरांत दोन कामें करितें. एक तर तें हृदयाचे ठोके वाढवितें आणि शरीराचा शक्तिव्यय चढता ठेवितें. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, २४ सिगारेटी ओढलेल्या दिवशींचा शक्तिव्यय त्याच माणसांच्या सिगारेट न ओढलेल्या दिवसापेक्षां सुमारें १० टक्क्यांनीं अधिक भरला. हा जादा खर्च जवळजवळ २०० उष्मांकांचा, म्हणजे साधारण दोन पोळ्यांइतका होय. दुसरें काम मेंदूंत चालतें. मेंदूच्या तळाशीं भूक व तृप्ति यांचें नियमन करणारें केंद्र आहे. पोट भरल्याची वर्दी देणाऱ्या तेथील पेशींना निकोटिन चेतवितें, असें २०११ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. सिगारेट ओढणाऱ्यास जेवणापूर्वींच थोडें जेवल्यासारखें वाटतें तें यामुळें.

सिगारेट सुटली कीं हीं दोन्हीं कामें थांबतात. शरीराचा खर्च पूर्वपदावर येतो आणि दबलेली भूक डोकें वर काढते. त्यांतच जिभेची चव आणि नाकाचा वास हीं सुधारूं लागतात. कित्येक वर्षें बेचव लागलेली आमटी पुन्हां आमटीसारखी लागते. शिवाय हाताला व तोंडाला चाळा हवा असतो, आणि शेंगदाणे, बिस्किटें व फरसाण त्या रिकाम्या जागेवर अलगद येऊन बसतात. तेव्हां वजन वाढतें तें मनुष्याच्या दुर्बलतेमुळेंच, असें नव्हे. तंबाखूनें इतके दिवस दाबून ठेविलेलें वजन शरीर परत घेत असतें.

हें वजन किती वाढतें? पूर्वीं केलेल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१२ सालीं याचा अंदाज प्रसिद्ध झाला. औषधांचा आधार न घेतां धूम्रपान सोडणाऱ्यांचें वजन पहिल्या महिन्यांत सरासरी १ किलोच्या किंचित् वर, तीन महिन्यांत सुमारें ३ किलो आणि वर्षअखेर ४ ते ५ किलो वाढलेलें आढळलें. म्हणजे अर्ध्याहून अधिक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते आणि पुढें तिचा वेग मंदावतो. परंतु सरासरी म्हणजे प्रत्येकाचें भविष्य नव्हे. त्याच पाहणींत शंभरांतील सुमारें १६ जणांचें वजन उलट कमी झालें होतें, तर १३-१४ जणांचें १० किलोंहून अधिक वाढलें होतें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, या चार-पांच किलोंनीं धूम्रपानत्यागाचा लाभ पुसून जातो काय? अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम या गांवांतील कुटुंबांची प्रकृति पिढ्यान्पिढ्या तपासली जात आहे. तेथील माहितीवरून २०१३ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, मधुमेह नसलेल्या ज्या लोकांनीं धूम्रपान सोडलें त्यांना हृदयविकाराचा धोका कमी झाला आणि वाढलेल्या वजनानें हा लाभ हिरावून घेतला नाहीं. २०१८ सालीं दीड लाखाहून अधिक अमेरिकन लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासानें या निष्कर्षास पुष्टि दिली. त्यानें एक इशाराही दिला. वजन वाढलेल्यांस मधुमेह जडण्याचा धोका कांहीं काळ वाढतो, पांच ते सात वर्षांनीं तो शिगेस पोंचतो आणि मग उतरूं लागतो. ज्यांचें वजन वाढलें नाहीं त्यांच्यांत मात्र हा धोका वाढला नाहीं. सबब वजनाच्या भीतीनें पुन्हां सिगारेट धरणें हा वेडेपणा होय, आणि वाढलेल्या वजनाकडे कायमचें दुर्लक्ष करणें हें शहाणपण नव्हे.

सिगारेटच्या सडपातळपणांतही एक लबाडी आहे. धूम्रपान करणाऱ्याचें वजन कमी भरलें तरी त्याच्या मेदाचा कल पोटावर सांचण्याकडे असतो, आणि पोटावरील मेद हाच हृदयविकाराचा व मधुमेहाचा सोबती होय. म्हणून केवळ तराजूवर विसंबूं नये. कमरेला फीतही लावावी. भारतीय शरीरयष्टीस पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या आंत आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या आंत असणें इष्ट मानितात.

वजन उतरविण्याचा मार्ग सांगण्यापूर्वीं क्रम सांगणें अवश्य आहे. सिगारेट सोडल्याचे पहिले कांहीं आठवडे मन आधींच चिडलेलें असतें. त्या वेळीं कडक उपास आरंभिले तर भुकेची तडफड आणि तंबाखूची तडफड एकमेकींत मिसळून जातात, आणि निग्रह मोडण्याचा संभव वाढतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने एकच व्रत पाळावें: झुरका घ्यावयाचा नाहीं. या अवधींत वजन फार वाढूं नये एवढीच काळजी पुरे. संवय पक्की सुटल्यावर मग वजनाकडे वळावें.

या काळजीचा आरंभ चहापासून करणें सोपें जातें. धूम्रपानामुळें चहा-कॉफींतील कॅफिन शरीरांतून लौकर निघून जात असतें. धूम्रपान थांबलें कीं तेंच अधिक वेळ रेंगाळतें. पूर्वीं पचणारे सहा पेले आतां छातींत धडधड व डोळ्यांत जागरण आणतात, आणि जागरणानें भूक आणखी वाढते. शिवाय दोन चमचे साखरेचा दुधाळ चहा ८० ते १०० उष्मांकांचा भरतो. सहाचे तीन पेले केले, तर जवळजवळ २५० उष्मांक वांचतात. सिगारेटच्या नांवानें जो जादा खर्च होत होता तो एवढ्यानेंच भरून निघतो.

जेवणांत उपासमार नको, अदलाबदल हवी. ताटांत भाजी, कोशिंबीर व उसळ वाढवावी आणि भात, तळण व गोड बेतानें घ्यावें. तोंडाच्या चाळ्यासाठीं काकडी, गाजर, बडीशेप किंवा लवंग जवळ ठेवावी. तंबाखूची तल्लफ बहुधा कांहीं मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ एक पेला पाणी सावकाश प्यावें. तीनशेच्या घरांतील उष्मांकांचा वडापाव हा त्यावरचा उतारा नव्हे.

चालण्याचें औषध दोहोंवर लागू पडतें. अर्धा तास झपझप चालल्यानें सव्वाशे-दीडशे उष्मांक खर्ची पडतात, आणि थोड्याशा चालण्यानेंही तल्लफ तात्पुरती मंदावते. जेवणानंतर सिगारेट ओढण्याची ज्यांना संवय होती, त्यांनीं त्याच वेळीं रस्त्यानें शतपावली करावी. एक किलो मेदांत सुमारें ७,७०० उष्मांक सांठविलेले असतात. म्हणून आठवड्यास पाव ते अर्धा किलो उतरला तरी समाधान मानावें.

महाराष्ट्रांत एक खड्डा विशेष जपून ओलांडावा लागतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत राज्यांतील धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांहून कमी, पण तंबाखू चघळणारे वा मिश्री लावणारे सुमारें २४ टक्के आढळले. विडी सुटली म्हणून तळहातावर चुना मळणें, किंवा वजन वाढूं नये म्हणून मिश्रीचा आश्रय करणें, हा त्याग नव्हे. तंबाखूनें नुसतें दार बदललें. तो चघळला तरी तोंडाचा कर्करोग होतोच. तल्लफ अनावर असेल तर वैद्यकीय सल्ल्यानें निकोटिनचा डिंक वा इतर औषधें घेतां येतात. तीं चालूं असेतों वजनाची वाढही कांहींशी रोखली जाते. मधुमेहाचीं किंवा मनोविकाराचीं औषधें घेणाऱ्यांनीं धूम्रपान सोडतांना डॉक्टरांस अवश्य कळवावें, कारण मात्रा बदलावी लागण्याचा संभव असतो.

शिंप्यानें वाढवून धरलेले दोन इंच दिसतात, फीत लावून मोजतां येतात, म्हणून ते टोंचतात. जिना चढतांना न लागणारी धाप, शांत झालेली पहांटेची ढास आणि दरवर्षीं कमी होत जाणारा हृदयविकाराचा धोका यांचें माप कोणत्याही शिंप्याच्या वहींत लिहिलेलें नसतें. कपड्याच्या शिवणींत थोडें कापड आंत सोडलेलें असतें. कंबर वाढली तर शिवण उसवतां येते आणि उतरली तर पुन्हां घालतां येते. तंबाखूनें जाळलेल्या फुप्फुसाला अशी शिवण नसते.