क्षण केवढा?

पॅरिस शहरातील बुलेव्हार द्यू तांप्ल हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा गजबजलेला असे. नाटकगृहे, झाडांच्या रांगा, घोडागाड्यांची रीघ आणि हौशी लोकांची ही गर्दी! १८३८ च्या सुमारास लुई दागेर याने उंचावरच्या आपल्या खिडकीतून या रस्त्याचे छायाचित्र घेतले. ते पाहणारा आजही चक्रावतो. भर दिवसाचे ऊन पडले आहे, घरांची धुराडी मोजून घ्यावीत इतकी रेखीव आहेत. पण रस्त्यावर चिटपाखरू नाही! पटकीच्या साथीत शहर ओस पडावे तसा तो रस्ता दिसतो. नीट निरखले म्हणजे मात्र खाली डाव्या कोपऱ्यात एक गृहस्थ पाय उचलून उभा असलेला आढळतो, आणि त्याच्या पुढ्यात ओणवा झालेला, जरा पुसटसा, बूट पुसणारा.

तारायंत्राचा जनक सॅम्युएल मोर्स १८३९ साली पॅरिसला गेला असताना त्याने दागेरची चित्रे पाहिली आणि घरी पाठवलेल्या पत्रात या ओसाड रस्त्याचे आणि बूट पुसून घेणाऱ्या त्या एकट्या इसमाचे वर्णन केले. मग बाकीची गर्दी गेली कोठे? ती कोठेच गेली नव्हती. दागेरच्या चांदीच्या पत्र्यावर चित्र उमटायला त्या वेळी मिनिटे लागत. तेवढ्या वेळात चालती माणसे आली नि गेली, गाड्या धावल्या. एका जागी कोणी ठरलेच नाही, म्हणून कोणी उमटले नाही. उमटला तो बूट पुसून होईपर्यंत थांबलेला गृहस्थ. छायाचित्रात सापडलेला हा पहिला माणूस, असे मानले जाते. त्या बिचाऱ्याला याची दाद ना फिर्याद! तो पॉलिशचे पैसे देऊन चालता झाला असेल.

कॅमेऱ्यावर फिरवण्याच्या, दाबण्याच्या, सरकवण्याच्या पुष्कळ गोष्टी असतात. पण चित्राचा अर्थच पालटून टाकण्याची ताकद ज्या एका आकड्यात आहे तो आकडा म्हणजे शटर किती वेळ उघडे राहील हा. शटरच्या चकतीवर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० अशी ओळ असते. हे सेकंदाचे भाग. ६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, १००० म्हणजे हजारावा. आकडा बदलला की प्रकाशही कमीजास्त होतो, हे खरे. पण त्याची भरपाई भिंगाच्या छिद्राने करता येते. नळ मोठा सोडला तर घागर पटकन भरते, बारीक धार ठेवली तर वेळ लागतो. घागर मात्र तेवढीच भरते. एफ १६ या बारीक छिद्राने सेकंदाच्या तिसाव्या भागात जेवढा प्रकाश आत येतो, तेवढाच एफ २.८ या मोठ्या छिद्राने हजाराव्या भागात येतो. (छिद्र बदलले की चित्रात मागचे-पुढचे किती रेखीव येईल तेही बदलते, पण ती कथा निराळी.)

आता एक एस.टी. घ्या. तासाला ५४ किलोमीटर वेगाने निघालेली गाडी सेकंदात १५ मीटर जाते. हजाराव्या भागात ती सरकते दीड सेंटिमीटर. म्हणजे दुरून पाहता उभीच. खिडकीतल्या प्रवाशाची मिशीसुद्धा ओळखून घ्या! तीच गाडी तिसाव्या भागात अर्धा मीटर जाते आणि पंधराव्या भागात एक मीटर. मग तिचा लाल रंगाचा फराटा होतो. किंवा डोक्यावरचा तीन पात्यांचा पंखा पाहा. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या पंख्याचे पाते पंधराव्या भागात वर्तुळाचा बरोबर तिसरा हिस्सा फिरते. म्हणजे तीन पाती मिळून अख्खी चकती भरून काढतात आणि चित्रात पाते असे दिसतच नाही. हजाराव्या भागात तोच पंखा वीज गेल्यासारखा थबकलेला दिसतो. पावसाचेही तसेच. मोठा थेंब सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने पडतो. तिसाव्या भागात त्याची वीतभर रेघ होते; हजाराव्या भागात मण्याएवढा थेंब हवेत टांगलेला राहतो. आपण लहानपणी पाटीवर पाऊस काढला तो रेघांचाच. थेंबांचा पाऊस कोणी काढला होता काय?

जुन्या मुंबईतही या आकड्याने आपला खेळ केला आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. सावलीत बसवलेल्या माणसाचे चित्र घ्यायचे तर काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून त्या काळच्या स्टुडिओंतून पाठीमागे लोखंडी दांडा उभा करीत आणि त्याच्या चिमट्यात डोके अडकवीत. पहिल्या पिढ्यांतल्या छायाचित्रांतले पूर्वज आपल्याला इतके करारी, इतके गंभीर दिसतात, त्याचे थोडे तरी श्रेय या दांड्याला दिले पाहिजे. हसू काही सेकंद टिकवून धरणे महाकठीण. गांभीर्य सहज टिकते! आणि मांडीवरचे पोर हलले की त्याच्या जागी धुक्याचा एक गोळा उमटे. त्या फोटोंवरून आपण ‘जुनी माणसे कशी कडक’ असे अनुमान काढतो, तेव्हा माणसांचा स्वभाव वाचतो की रसायनांचा, हे एकदा तपासून पाहावे.

असो. पुढे काचा जलद झाल्या, आणि खरा वाद पेटला तो एका घोडीवरून.

लेलँड स्टॅनफर्ड हा कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, रेल्वेचा धनी आणि घोड्यांचा शौकीन. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात काय, हे त्याला जाणून घ्यायचे होते. डोळ्यांनी ते ठरत नव्हते. एडवर्ड मायब्रिज याने जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील स्टॅनफर्डच्या पागेवर १२ कॅमेरे ओळीने मांडले, धावपट्टीवर दोरे ताणले आणि सॅली गार्डनर नावाची घोडी दौडत सोडली. दोरा तुटे तसे एकेक शटर उघडे. प्रत्येक चित्राला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ दिला, असे त्याने छापलेल्या कार्डावर नमूद आहे. चित्रे धुऊन निघाली आणि स्टॅनफर्डला उत्तर मिळाले: होय, चारही पाय उचलले जातात. पण चित्रकार शतकानुशतके काढीत आले तसे पुढे-मागे फेकलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! पाय फाकून उडणारे सगळे रंगवलेले घोडे एका दिवसात खोटे ठरले. आपल्याकडच्या कॅलेंडरांवरील घोडदौडी आठवा. तेही तसेच उडतात.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शिल्पकार ऑग्युस्त रोदँ याने ती संपू दिली नाही. पॉल ग्सेल याच्याशी झालेले त्याचे संवाद १९११ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यांत जेरिको या चित्रकाराच्या ‘एप्समची डर्बी’ या १८२१ सालच्या चित्राचा विषय निघतो. रोदँ सांगतो की खरा आहे तो चित्रकार, आणि खोटे बोलतो तो कॅमेरा. कारण काळ असा कधी थांबतच नाही. जेरिकोचे घोडे पाहताना आपली नजर आधी मागच्या पायांचा रेटा पाहते, मग ताणलेले अंग, मग पुढे झेपावणारे पाय. चित्रकाराने एकामागून एक येणारे क्षण एका देहात गुंफले आहेत, म्हणून तो घोडा धावतो. फोटोतल्या माणसाचा पाय मात्र हवेत लकवा भरल्यासारखा अडकून राहतो.

मला वाटते, रोदँच्या म्हणण्यात हट्ट असला तरी त्याने दुखरी जागा अचूक दाबली. मायब्रिजने जे दाखवले ते कोणाही माणसाने कधी पाहिलेले नव्हते. ते घडले होते, पण दिसले नव्हते. घोड्याचा पाय कोठे होता हे विचाराल तर उत्तर दोन हजाराव्या भागात आहे. घोडा कसा धावत होता हे विचाराल तर ते त्या भागात सापडत नाही. आकडा बदलला की उत्तर बदलते असे नव्हे, प्रश्नच बदलतो.

कधी कधी तर शटर स्वतःच चित्रकाराची भूमिका घेते. झाक आंरी लार्तिग या फ्रेंच मुलाने, वयाची विशी गाठण्याआधी, शर्यतीतल्या एका मोटारीचा फोटो घेतला. त्याच्या कॅमेऱ्यात पडद्यातली फट काचेवरून सरकत जाई. म्हणजे चित्राचा एक भाग आधी उमटे, दुसरा जरा मागाहून. तेवढ्यात मोटार पुढे सरकली, आणि तिचे चाक लांबट होऊन पुढे झुकले. लार्तिग मोटारीबरोबर कॅमेरा फिरवीत होता, म्हणून कडेचे प्रेक्षक उलट मागे कलले. फोटो बिघडला असे समजून त्याने तो बाजूला टाकला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवल्यावर तोच बिघडलेला फोटो जगभर गेला. वेग म्हणजे काय, हे त्याहून चांगले सांगणारे चित्र मी तरी पाहिले नाही.

आता एक कठोर उदाहरण. ६ जून १९४४ रोजी अमेरिकन फौजा नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा रॉबर्ट कापा हा छायाचित्रकार त्यांच्याबरोबर पाण्यात होता. त्याने टिपलेला एक सैनिक पाण्यातून धडपडत पुढे येतो आहे. चेहरा, शिरस्त्राण, लाटा, सारे फिसकटलेले. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते छापताना खुलासा केला की प्रसंगाच्या उत्तेजनेने कापाचा कॅमेरा हलला. १९४७ साली कापाने आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नावच दिले, ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’. भय कसे दिसते, याचे उत्तर तेव्हापासून जगाला ठाऊक झाले: भय हे अंधुक असते.

गंमत पुढेच आहे. १९९८ साली स्टीव्हन स्पीलबर्गने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या बोलपटात हाच किनारा उभा केला, तेव्हा छायालेखक यानुश कामिन्स्कीने उलटी वाट धरली. सिनेमात सामान्यतः सेकंदाला २४ चित्रे आणि प्रत्येकाला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग मिळतो. त्यामुळे हालचालीला किंचित पुसटपणा येतो आणि एक चित्र दुसऱ्यात मऊपणे मिसळते. कामिन्स्कीने तो वेळ निम्म्यावर, काही ठिकाणी चतुर्थांशावर आणला. पुसटपणा गेला. स्फोटातून उडालेला वाळूचा कण न् कण सुटा दिसू लागला, धावणारी माणसे झटके घेत धावू लागली, आणि प्रेक्षक खुर्चीत आक्रसून बसले. एकच किनारा, एकच भय. एकाला ते लांब क्षणात सापडले, दुसऱ्याला तोकड्या क्षणात! तेव्हा ‘भीतीसाठी अमुक आकडा, शांतीसाठी तमुक’ असे कोष्टक देणारी पुस्तके खुशाल रद्दीत घालावीत. धबधबा दिसला की शटर लांब ठेवून त्याचे दूध करण्याची जी टूम निघाली आहे, ती अशाच कोष्टकातून. सह्याद्रीतला आषाढातला धबधबा दुधासारखा असतो काय? तो दगड फोडीत येतो!

पण लांब क्षणाचा खरा अर्थ कळलेला एक माणूस मला ठाऊक आहे. सोव्हिएट संघराज्य कोसळल्यानंतर, १९९२ च्या सुमारास, अलेक्सी तितारेंको हा सेंट पीटर्सबर्गच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाबाहेर कॅमेरा मांडून उभा राहिला. दुकाने रिकामी, माणसे हवालदिल. त्याने शटर दीर्घकाळ उघडे ठेवले. जिन्याने चढणारी गर्दी धुरासारखी झाली; चेहरे नाहीत, नावे नाहीत. कठड्याला धरलेले काही हात तेवढे शाबूत राहिले. दागेरच्या रस्त्यावरून गर्दी पुसली गेली ती नाइलाजाने. इथे ती समजून-उमजून पुसलेली आहे, आणि पाहणाऱ्याच्या पोटात कालवते.

आज आपल्या खिशातला फोन हा आकडा स्वतःच ठरवतो. रात्री तर काही सेकंदांत अनेक चित्रे घेऊन ती एकत्र जोडतो. आपल्याला विचारीत नाही. पुष्कळ फोनांत ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ नावाचा एक दरवाजा असतो, तिथून शिरून शटरचा वेळ हाताने ठरवता येतो. दिवाळीसारखी संधी त्यासाठी दुसरी नाही. फोन हातात धरू नका. चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवा. भुईचक्र लावा आणि पाचशेव्या भागात फोटो घ्या: ठिणग्यांचे सुटे ठिपके मिळतील, चक्र कोठेच दिसणार नाही. मग पूर्ण एक सेकंद द्या: चक्र मिळेल, ठिणगी एकही मिळणार नाही. मुले ज्याला टाळ्या पिटतात ते दुसरे.

आणि अंगणातला दिवा मालवून, आठ सेकंद देऊन, घरातल्या लेकीच्या हातात फुलबाजी द्या. १९४९ साली ग्यॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हातात छोटा विजेचा दिवा देऊन त्याच्याकडून अंधारात चित्रे काढवून घेतली होती, तोच हा खेळ. तिला हवेत मोठ्या अक्षरांत आपले नाव काढू द्या. ती तुमच्याकडे तोंड करून उभी असल्यामुळे अक्षरे उलटी उमटतील. त्यावर रुसू नये, फोटो आरशासारखा फिरवून घ्यावा, नाव सरळ होते. फक्त फुलबाजी तेवढी तिच्या डाव्या हातात दिसेल.