धाप मोजायची कशी?

कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढताना धाप बहुतेकांना लागते. वर पाच मिनिटं टेकलं की ओसरतेही. फुफ्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या माणसाला मात्र घरातली अंघोळसुद्धा तेवढीच दमवू शकते.

हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, कारण फुफ्फुसांत रक्त ढकलायला एरवी फार जोर लागत नाही. तिथल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की त्याला बोरघाट चढावा लागतो, तोही कर्जतला मागून जोडतात त्या बँकर इंजिनांशिवाय. कप्पा आधी जाडावतो, मग थकतो. दंडाला पट्टा बांधून घेतलेला रक्तदाब मात्र नॉर्मल येऊ शकतो, म्हणून निदान लांबतं.

उपचारांचा उपयोग पाहायला सपाट जागेवर सहा मिनिटं चालवून अंतर मोजतात. पण चार मीटर वाढले म्हणजे जगणं सुसह्य झालं का? ते रुग्णालाच विचारावं लागतं. २००६ साली ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ‘कॅम्फर’ या प्रश्नावलीत ६५ प्रश्न आहेत : २५ लक्षणांचे, १५ हालचालींचे, २५ जगण्याच्या प्रतीचे. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. पुढे आलेल्या ‘एम्फसिस-१०’मध्ये दहाच प्रश्न, प्रत्येकी ० ते ५ गुण. आपण इतरांवर ओझं झालोय असं वाटतं का, हेही त्यात येतं. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. तो कुठल्याच यंत्राला विचारता येत नाही.

नुसतं ‘दम लागतो का?’ विचारणं फसवं असतं. मावळातली एखादी बाई भातलावणीला जाणं सोडून देते आणि ‘आता बरंय’ म्हणते. म्हणून काय जमतं, काय सुटलं, हेही विचारायचं.