माइकपुढचे मौन आणि हौशी रेडिओ : पहिली काही पावले

आपल्या वसतिगृहात दरवर्षी जूनमध्ये दाखल होणारी मुले-मुली पहिले काही दिवस सकाळच्या वंदनेत केवळ ओठ हलवतात. त्रिसरण-पंचशील त्यांना पाठ असते, घरी ती ते मोठ्याने म्हणत असतात. येथे मात्र आवाज घशातच राहतो. आपला उच्चार चुकेल, आपल्या गावाची बोली ऐकून कोणी हसेल, ही ती भीती. शेजारी बसलेल्यांचा आवाज ऐकत, त्यात आपला आवाज मिसळत ती हळूहळू जाते. आम्ही शिक्षक हे दरवर्षी पाहतो. हौशी रेडिओविषयी लिहिताना हे आठवण्याचे कारण असे की, त्या छंदातही नवख्याची नेमकी हीच अवस्था होते आणि तिच्यावरचा उपायही बहुतांशी हाच आहे.

हौशी रेडिओ, म्हणजेच 'हॅम रेडिओ', हे सरकारी परवाना घेऊन, कोणताही मोबदला न घेता, स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी केलेले बिनतारी संभाषण होय. आकाशवाणीहून ते वेगळे आहे. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावरील भाषण आकाशवाणीवरून प्रसारित झाले. तेव्हा बाबासाहेब बोलले आणि देशाने ऐकले. हौशी रेडिओत मात्र जो ऐकतो तोच पुढच्या क्षणी बोलतो. म्हणूनच त्यावर गाणी लावणे, जाहिरात वा व्यापारी निरोप देणे, अर्थ लपविण्यासाठी गुप्त भाषा वापरणे यांस मनाई आहे. मोबाइलच्या काळात याची गरज काय, असा प्रश्न पालक विचारतात. उत्तर सोपे आहे : या संभाषणाला मध्ये कोणत्याही कंपनीचा मनोरा लागत नाही. दोन यंत्रे, दोन तारा आणि वरचे आकाश एवढ्यावर ते चालते.

थोडा इतिहास

आपल्या देशात १९२१ साली कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना पहिला हौशी परवाना मिळाला. त्याच वर्षी मुकुल बोस हे दुसरे परवानाधारक झाले आणि दुतर्फा संभाषण सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला होता. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु आपला आवाज दूरवर पोहोचविण्याचा अधिकार कोणाला, हा त्या काळाचा प्रश्न दोहोंच्या मुळाशी दिसतो. १९३९ साली महायुद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द करून प्रक्षेपक जमा करण्यास फर्मावले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. नोव्हेंबरात ते पकडले गेले. बिनतारी आवाजाला राज्यकर्ते किती भीत होते, हे यावरून कळते.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी देशातील हौशी रेडिओचालकांची पहिली संघटना स्थापन झाली, ती महू येथील सैन्याच्या सिग्नल प्रशालेत. पुढे १९५४ साली तिचे कार्यालय दिल्लीस गेले आणि 'अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हे नाव तिला मिळाले. सुभेदार रामजींच्या लष्करी नोकरीमुळे १४ एप्रिल १८९१ रोजी ज्या महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, तेच हे गाव. आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. हा छंद कोणा परक्यांचा आहे, ही भावना तेथेच थोडी सैल होते.

आधी ऐकणे

आरंभ बोलण्याने करू नये, ऐकण्याने करावा. त्यासाठी यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने २००८ पासून उपलब्ध करून दिलेल्यासारखे रेडिओ-ग्राहक संगणकावरून वा मोबाइलवरून कोणालाही ऐकता येतात. साधारण महिनाभर रोज अर्धा तास ऐकावे आणि जवळ वही ठेवावी. कोणी कोणाला बोलावले, काय नाव सांगितले, निरोप कसा घेतला, हे टिपत जावे. पहिल्या आठवड्यात सगळा गोंगाट वाटतो. तिसऱ्या आठवड्यात लक्षात येते की बहुतेक संभाषणांचा साचा एकच आहे. हा साचा ओळखीचा झाला की अर्धी भीती संपते.

ऐकता ऐकता निसर्गाचे नियमही कळू लागतात. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिवसा काहीशे किलोमीटरवरची स्थानके ऐकू येतात. रात्री त्याच पट्ट्यात परदेशी आवाज येऊ लागतात. वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबराचा एक थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि त्याहून उंचावरचा थर लहरींना पृथ्वीकडे परतवतो. उलट, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात. म्हणून डोंगरमाथ्यावर रिपीटर बसवितात. तो एका वारंवारितेवर ऐकतो आणि तत्क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर तेच पुढे पाठवितो.

परवाना

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते. किमान वय १२ वर्षे आहे. म्हणजे आपली सातवी-आठवीची मुलेही पात्र ठरतात. परवान्याचे दोन वर्ग आहेत : मर्यादित आणि सर्वसाधारण. मर्यादित वर्गाच्या परीक्षेत रेडिओचे प्राथमिक विज्ञान आणि नियम यांवर प्रश्न असतात. सर्वसाधारण वर्गासाठी याखेरीज मोर्स संकेतांची परीक्षा द्यावी लागते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी विभागाची ताजी सूचना अवश्य वाचावी. परवान्याविना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर पहिल्याच दिवशी ठसवावे.

परवान्याबरोबर कॉल साइन मिळते. भारतात ती बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते आणि पुढे काही अक्षरे येतात. तीच त्या माणसाची हवेतील ओळख. संभाषणात कॉल साइन, पहिले नाव आणि गाव सांगण्याचा प्रघात आहे. आडनाव सहसा कोणी विचारत नाही. ज्या समाजात आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, त्या समाजातील मुलांना याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रेडिओमुळे जात नष्ट होते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पहिले वाक्य बोलण्याआधी आपल्याला तोलले जाणार नाही, एवढी खात्री मिळाली तरी संकोची मुलाचा आवाज मोकळा होतो.

रिकाम्या वर्गातील सराव

आम्ही स्वतः अनेक वर्षे वर्गात इतिहास शिकविला, सभांतून भाषणे केली. तरीही पन्नाशी उलटल्यावर परवाना मिळाला आणि पहिल्यांदा माइकचे बटण दाबले, तेव्हा स्वतःची कॉल साइनच आठवेना. बटण सोडून आम्ही गप्प बसलो आणि तो दिवस तसाच गेला. समोर चेहरा नसतो, ऐकणारे किती हे ठाऊक नसते. सरावलेला वक्ताही तेथे गोंधळतो. तेव्हापासून विद्यार्थ्यांचा सराव आम्ही यंत्राशिवायच सुरू करतो.

पद्धत साधी आहे. दोन विद्यार्थी शेजारच्या दोन वर्गांत, एकमेकांना न दिसता उभे राहतात. हातात माइकऐवजी पुठ्ठ्याची नळी असते. प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी ठरलेला आंतरराष्ट्रीय शब्द वापरून ते आपले नाव कळवितात : अ‍ॅसाठी अल्फा, बीसाठी ब्राव्हो, सीसाठी चार्ली. 'भीम' हा शब्द ब्राव्हो-हॉटेल-इंडिया-माइक असा जातो, हे एकदा कळले की सबंध वसतिगृह दोन दिवसांत उरलेली अक्षरे शिकते. नववीतील एक विद्यार्थिनी पहिल्या सरावात नळी धरून मिनिटभर नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पाच ओळी कागदावर लिहून आणल्या आणि वाचून दाखविल्या. तिसऱ्या दिवशी कागद हातात होता, पण तिने त्याकडे पाहिले नाही. कागद जवळ ठेवण्यात कमीपणा नाही. त्यावर स्वतःची कॉल साइन, नाव, गाव, समोरच्याचा अहवाल आणि आभार एवढे असले की पुरे.

पहिले संभाषण

पहिल्या दिवशी स्वतः 'सीक्यू', म्हणजे 'कोणीही उत्तर द्यावे' अशी साद घालू नये. दुसऱ्याच्या सादेला उत्तर द्यावे. अथवा ठरल्या वेळी भरणाऱ्या 'नेट'मध्ये हजेरी लावावी. नेटचा संचालक क्रमाने प्रत्येकास बोलावतो. आपली पाळी आली की कॉल साइन, नाव, गाव आणि आवाजाचा अहवाल सांगायचा. एका मिनिटाच्या आत काम होते. नवख्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही.

काही गोष्टी सवयीच्या कराव्यात. मोकळ्या वाटणाऱ्या वारंवारितेवरही आधी थोडा वेळ ऐकावे आणि 'ही वारंवारिता वापरात आहे का?' असे विचारावे. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे, नाही तर पहिला शब्द तुटतो. माइक तोंडापासून चार बोटे दूर धरावा व नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडल्याने आवाज स्पष्ट होत नाही, उलट फाटतो. दोघांच्या बोलण्यात किंचित अंतर ठेवावे, म्हणजे तिसऱ्याला हाक देता येते. इंग्रजी आलेच पाहिजे असे नाही. कॉल साइन ठरलेल्या शब्दांत सांगितली की पुढचे संभाषण मराठीत वा हिंदीत खुशाल करावे.

अहवाल दोन अंकांचा असतो : स्पष्टता १ ते ५, तीव्रता १ ते ९. सौजन्य म्हणून सर्वांना 'फाइव्ह-नाइन' देण्याची खोड पुष्कळांना असते. तसे करू नये. अहवाल ऐकूनच समोरचा माणूस आपली अँटेना सुधारणार असतो. तथागतांनी सांगितलेली सम्यक वाचा खोटे, चहाडीचे, कठोर आणि निरर्थक बोलणे वर्ज्य करते. रेडिओवरील शिष्टाचाराचा सारांश याहून वेगळा नाही.

चूक झाली तर 'करेक्शन' म्हणून पुन्हा सांगावे. ऐकू आले नाही तर पुन्हा विचारावे. तीस वर्षांचे अनुभवी चालकही दिवसातून अनेकदा असे विचारतात. त्यात त्यांना लाज वाटत नाही, आपणही वाटू देऊ नये. शेवटी दिनांक, वेळ, वारंवारिता, कॉल साइन आणि अहवाल नोंदवहीत लिहावा. वही भरत जाते तसा आत्मविश्वास वाढतो, आणि इतिहासाच्या शिक्षकास तो एक अस्सल दस्तऐवज म्हणूनही प्रिय वाटतो.

यंत्र, तार आणि खर्च

हातात मावणारा साधा संच काही हजार रुपयांत येतो. दूर पल्ल्याचा संच मात्र बराच महाग असतो. आपल्या बहुतेक पालकांना तो एकट्याने परवडणारा नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हणून मंडळ करून सामायिक संच वापरणे हाच आपल्यासाठी योग्य मार्ग. अँटेना मात्र हातानेच बनविता येते. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की अर्ध-लहर द्विध्रुव अँटेनेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर तांब्याची तार. विजेच्या तारांजवळ ती कधीही बांधू नये आणि ढगांचा गडगडाट होण्याआधीच ती यंत्रापासून सोडवावी.

कशासाठी?

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हौशी रेडिओचालिका आपल्या चमूसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओ-प्रयोगासाठी गेल्या होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटांचा संपर्क तुटला. प्रयोगासाठी नेलेल्या त्याच यंत्रांवरून त्यांनी बेटांवरील माणसांची खुशाली आणि मदतीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. त्या दिवशी नव्याने धैर्य गोळा करावे लागले नाही, कारण बोलण्याची सवय आधीच झालेली होती. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना आजही आहे. संपर्क तुटलेल्या गावात शांतपणे नाव, ठिकाण आणि संख्या दोनदा सांगू शकणारे एक मूल असणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनविलेला, हौशी रेडिओचालकांसाठीचा 'स्वयम्' हा लहानसा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. तेथवर आपली मुले पोहोचावीत, ही आमची इच्छा आहेच. परंतु आजची मागणी लहान आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्याकडे परवाना असेल, त्यांनी एखाद्या रविवारी विद्यालयात येऊन मुलांसोबत ऐकायला बसावे. पालकांनी मुलाच्या हातातील वही पाहून हा काय गोंगाट, असे म्हणू नये. आणि वंदनेत अद्याप ओठच हलविणाऱ्या मुलाला घाई करू नये. त्याला आधी ऐकू द्यावे. शेजारी बसून आपण मात्र मोठ्याने म्हणत राहावे.

जयभीम. नमो बुद्धाय.