व्ही-एट इंजिन खरंच बंद होणार का?

चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' आकारात बसवल्या की झालं व्ही-एट इंजिन. ताकद भरपूर, आवाज दमदार. पण ते पेट्रोलही जास्त पितं.

युरोपात प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा मर्सिडीजने एएमजी सी-63 मधलं व्ही-एट काढून 2 लिटरचं चार सिलिंडरचं हायब्रिड बसवलं. ताकद 510 वरून 680 हॉर्सपॉवर झाली, तरी चाहते जुन्या आवाजासाठी हळहळले.

बीएमडब्ल्यूने वेगळा मार्ग निवडला. 2024 मध्ये भारतात आलेल्या एम-5 मध्ये 4.4 लिटरचं व्ही-एट कायम आहे, जोडीला इलेक्ट्रिक मोटर. ताकद 727 हॉर्सपॉवर, पण वजन जवळपास अडीच टन!

थोडक्यात, व्ही-एट लगेच संपत नाहीये. मात्र त्याला आता बॅटरीचा आधार लागतोय आणि त्या बॅटरीचं ओझंही त्यालाच वाहावं लागतंय.