दोन घरांमधला पत्रव्यवहार

न्यायालयाच्या हुकूमनाम्याने विवाह संपुष्टात येतो, सामानसुमानाची वाटणी होते, पोटगीची रक्कम मुक्रर होते. परंतु ज्या दोघांना परस्परांशी एक शब्द बोलणेही असह्य झाले म्हणून हा संसार मोडला, त्याच दोघांना, पदरी सहा वर्षांचे मूल असेल तर, पुढली बारा वर्षे तरी बोलत राहावे लागते.

कायद्याची दृष्टी याबाबतीत निःसंदिग्ध आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या १३ व्या कलमाने अज्ञान मुलाचे कल्याण सर्वोपरी मानले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले आणि समुपदेशकांची तरतूद केली. आणि २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विशेष कारण नसेल तर, ताबा नसलेल्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटे मुलाशी बोलण्याचा हक्क असावा. पण ती मिनिटे सुरू होण्यापूर्वी फोन उचलणाऱ्या दुसऱ्या पालकाने कोणत्या स्वरात बोलावे, हे कोणतेही कलम सांगू शकत नाही.

जुन्या मराठी दप्तरांत ‘जासूद’ हा शब्द येतो. पत्रे पोचविणारा तो जासूद, आणि परमुलखाची बातमी काढून आणणाराही जासूदच. विभक्त आईबापांच्या मुलावर ही दोन्ही कामे नकळत येऊन पडतात. सकाळी निघताना “बाबांना सांग, फी अजून भरलेली नाही,” आणि संध्याकाळी परतल्यावर “तिकडे कोण कोण आले होते गं?” मग ते लेकरू दोन्ही घरांत शब्द तोलून बोलू लागते, काय सांगितले असता कोण दुखावेल याचा हिशेब मांडू लागते, आणि सहाव्या वर्षी हा हिशेब येणे यासारखी दुःखाची गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

म्हणून निरोप थोरांनीच थोरांना द्यावा. त्यासाठी मैत्री हवी असे मुळीच नाही. दोन कचेऱ्यांमध्ये चालतो तसा पत्रव्यवहार पुरे, ज्यात तारीख असते, विषय असतो, विनंती असते आणि मागील दहा वर्षांचा इतिहास नसतो. “तुला वेळेचे भान कधी होते?” याऐवजी “शनिवारी ११ ऐवजी १२ वाजता आणले तर चालेल का? सकाळी तिची चित्रकलेची परीक्षा आहे,” एवढे लिहावे. समोरून दहा ओळी दूषणांच्या आणि एक ओळ डॉक्टरांच्या भेटीची आली, तर त्या एका ओळीचे उत्तर द्यावे. हे सोपे नाही, हे मी जाणतो. अपमान गिळावा लागतो, आणि कित्येकदा उत्तर लिहून रात्रभर तसेच ठेवावे लागते. जेथे मारहाण वा धाकदपटशा झाला असेल, तेथे मात्र हे काही लागू नाही; तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण आधी, आणि निरोपाची देवघेव वकिलांमार्फतच.

आपल्या भाषेत नात्याच्या एका शब्दात सारा मनोभाव उतरतो. ‘बाबा’ म्हणणे निराळे आणि ‘तुझा बाप’ म्हणणे निराळे. ‘तुझी आई’ आणि ‘ती बाई’ यांतले अंतर मुलाला व्याकरण शिकण्यापूर्वीच कळते. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ही समज द्यावी लागते. लेकीसाठी आजीचा जीव तुटतो हे खरे, पण तो संताप नातवाच्या ताटात वाढला जाऊ नये.

गणपती कोणाकडे, दिवाळी कोणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी विभागायची, हे शाळा सुरू होतानाच लिहून ठरवावे. राहिलेले बोलणे दाराशी उभ्या उभ्या होते: “ताप दुपारी उतरला. चारचे औषध दिले आहे, आठचे राहिले आहे.” मग दप्तर या हातातून त्या हातात जाते, आणि मूल जिना उतरू लागते, त्याच्याजवळ सांगायचा कोणताही निरोप नसतो.